न लढता जिंकायचं कसं? शत्रूला घाबरवू देणारे व्हिडिओ गेम आणि देवगिरीची आवई

बहुतेक गेममध्ये शत्रू समोर आला की आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: मारा, नाहीतर पळा. पण काही गेम तिसरा रस्ता देतात. समोरच्याला असं घाबरवा की तो हत्यार टाकेल, धूम ठोकेल किंवा निदान नेम तरी चुकवेल. हे नेमकं कसं चालतं, कोडमध्ये "भीती" म्हणजे काय असतं आणि मोबाईलवर असे कोणते गेम खेळता येतात, ते आज बघू. मी राहतो छत्रपती संभाजीनगरला, त्यामुळे मध्येच दौलताबादचा किल्ला येणार आहे. तो उगाच आणलेला नाही. या विषयाचं इतकं चपखल उदाहरण मला कुठल्याच गेममध्ये सापडलेलं नाही.

सुरुवात पॅकमॅनपासून

शत्रूला घाबरवण्याची कल्पना नवीन नाही. १९८० चा पॅकमॅन आठवा. एरवी भुतं तुमच्या मागे असतात. तुम्ही कोपऱ्यातली मोठी गोळी खाल्ली की तीच भुतं निळी पडतात आणि उलटी फिरतात. ती गोळी कुणाला मारत नाही, फक्त कोण कुणाला घाबरणार हे बदलते. पहिल्या लेव्हलला हा परिणाम साधारण सहा सेकंद टिकतो. पुढे तो वेळ कमी होत जातो आणि बरंच पुढे गेलं की भुतं निळी होणंच थांबतं. दिशा उलटी करतात, पण घाबरत नाहीत.

भीती उतरते, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

कोडच्या आत भीती कशी दिसते?

गेममधला सैनिक खरोखर घाबरत नाही. त्याच्या नावावर एक आकडा असतो. त्याला इंग्रजीत मोराल म्हणतात, आपण मनोधैर्य म्हणू. ताकद म्हणजे हेल्थचा आकडा वेगळा आणि हा वेगळा. हेल्थ शून्य झाली की सैनिक मरतो. मनोधैर्य ठरावीक रेषेच्या खाली गेलं की तो जिवंत असतो, धडधाकट असतो, पण लढत नाही. मराठीत आपण म्हणतो ना, फौजेनं हाय खाल्ली, अगदी तसं.

मग हा आकडा कशानं खाली येतो? तो सगळा मजेचा भाग आहे. हेलो या २००१ च्या गेममध्ये ग्रंट नावाचे बुटके शत्रू असतात. त्यांचा म्होरक्या, म्हणजे एलिट, पडला की ते हात वर करून ओरडत पळत सुटतात. त्यांना गोळी लागलेली नसते, फक्त धनी गेलेला असतो. शहाणा खेळाडू मग वीस ग्रंटवर काडतुसं वाया घालवत नाही. तो आधी एलिट शोधतो.

टोटल वॉर मालिकेत हीच गोष्ट हजारो सैनिकांच्या पातळीवर केली आहे. २००४ चा रोम: टोटल वॉर घ्या. तुकडीवर समोरून हल्ला झाला तर ती टिकते. तोच हल्ला बाजूने किंवा पाठीमागून आला की मनोधैर्य एकदम कोसळतं. सेनापती पडला, पेटते बाण आले, हत्ती अंगावर आले, शेजारची तुकडी पळाली, पायपीट करून माणसं दमली, असं प्रत्येक कारण आकड्यातून थोडं थोडं कापत जातं. मग झेंडा पांढरा होतो आणि तुकडी पळते. तिला पळताना बघून तिसरी तुकडी डगमगते. म्हणजे भीती साथीसारखी पसरते, आणि प्रोग्रामरने ती मुद्दाम तशी लिहिली आहे. या गेममध्ये जर्मनांच्या बाजूला स्क्रीचिंग वुमन नावाची तुकडी आहे. किंचाळून समोरच्यांना घाबरवायचं, हेच तिचं मुख्य काम. प्रत्यक्ष लढाईत ती कुणाला भारी पडत नाही, पण योग्य जागी उभी केली की बाजूची फौज निम्मं काम आधीच झालेलं बघते.

आता देवगिरी

शहरातून छावणी, पडेगाव, मिटमिटा करत वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबाद येतो. यादवांच्या काळात याचं नाव देवगिरी. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी इथं आला, तेव्हा तो सुलतान नव्हता. कडा इथला सुभेदार होता आणि दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन त्याचा चुलता आणि सासरा. सोबत काही हजार घोडेस्वार. राजा रामदेवराय गडावर, पण मोठी फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेली.

पुढचं जे सांगतो ते फरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथात आहे. तो विजापूरच्या दरबारात होता आणि घटनेनंतर जवळपास तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे तपशील थोडे तिखटमीठ लावलेले असू शकतात. पण गेम खेळणाऱ्यानं तो भाग वाचला तर त्याला मेकॅनिक लगेच ओळखू येईल.

अलाउद्दीनने आवई उठवली: मी तर फक्त पुढची तुकडी आहे, मागून दिल्लीची वीस हजारांची घोडदळ येते आहे. अशी कुठलीही फौज येत नव्हती. दिल्लीला तर या स्वारीचा पत्ताच नव्हता. रामदेवरायाने तहाची बोलणी सुरू केली. तेवढ्यात शंकरदेव परतला आणि त्याने तह न मानता हल्ला चढवला. लढाई यादवांच्या बाजूने झुकत होती. गडाला वेढा घालून बसलेला नुसरतखान हजारेक स्वार घेऊन आपल्या धन्याच्या मदतीला धावला. त्या घोड्यांची धूळ उठली. यादवांच्या फौजेला वाटलं, हीच ती दिल्लीची फौज. आणि जिंकत आलेली फौज फुटली.

नंतर गडावर आणखी एक घोटाळा उघड झाला. वेढ्याआधी घाईघाईत जी पोती आत घेतली होती ती धान्याची नसून मिठाची निघाली. मग रामदेवरायाला आणखी जड अटी मान्य कराव्या लागल्या. भरपूर सोनं-मोती तर गेलंच, शिवाय एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूरकडचा महसूलही.

टोटल वॉरच्या भाषेत हेच मांडून बघा. आवईने मनोधैर्याचा आकडा आधीच खाली आणून ठेवला होता. धूळ हा शेवटचा धक्का. एक रांग मागे फिरली, मग साथ. हजार स्वारांनी तलवारीने जितकं काम केलं असतं, त्यापेक्षा जास्त काम त्यांच्या घोड्यांच्या टापांनी केलं. भीतीला खरं असावं लागत नाही, पटावं लागतं. माझ्या मते धाक दाखवणाऱ्या गेमचा सगळा जीव या एका वाक्यात आहे, आणि जे गेम हे विसरतात त्यांच्यात "घाबरवा" हे बटण नुसतं आणखी एक हत्यार होऊन बसतं.

हूल पटली पाहिजे

सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन व्हाइस सिटी खेळलेली पिढी आता नोकरीला लागली, पण गेम मोबाईलवर अजून चालतो. त्यात दुकानात शिरून दुकानदारावर नुसती बंदूक रोखली की तो गल्ला मोकळा करतो. गोळी झाडायची नाही. जितका वेळ रोखून धराल तितके पैसे जास्त, पण वर पोलिसांचे तारेही वाढतात. हा छोटासा सौदा फार हुशारीनं बांधलाय. धमकीला वेळेची किंमत लावली आहे.

फॉलआउट ४ (२०१५) मध्ये इंटिमिडेशन नावाचा पर्क आहे. माणसावर बंदूक रोखली की तो शरण येण्याची शक्यता असते. पर्क वाढवला की त्याला दुसऱ्यावर सोडता येतं, आणखी वाढवला की हुकूमही देता येतात. अट एकच, समोरच्याची लेव्हल तुमच्यापेक्षा कमी हवी. हे मला थोडं कंटाळवाणं वाटतं. दुबळा बलवानाला घाबरतो हे तर कुणीही सांगेल. खरी गंमत हजार स्वार वीस हजार असल्याचं भासवण्यात आहे.

ती गंमत बॉल्डर्स गेट ३ (२०२३) मध्ये आहे. तिथं संवादात इंटिमिडेशनचा पर्याय येतो आणि वीस बाजूंचा फासा पडतो. तुमचं व्यक्तिमत्त्व किती भारदस्त, म्हणजे करिश्मा किती, ते आकड्यात मिळवलं जातं. दारावरचे गॉब्लिन तुमच्यापेक्षा संख्येनं जास्त असले तरी नुसत्या आवाजावर वाट मिळू शकते. पण फाशावर एक पडला की काहीही असो, डाव फसला. हूल उघडी पडण्याची जोखीम असल्याशिवाय हूल देण्यात मजा नाही.

इथं एक गोष्ट गेमबाहेरची सांगतो, कारण तुमच्या हातात फोन आहे. "डिजिटल अरेस्ट"चे फसवणुकीचे कॉल याच कोडवर चालतात. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या नावाने पार्सलमध्ये काहीतरी सापडलं म्हणतो, कॉल कट करू नका म्हणतो, कुणाशी बोलू नका म्हणतो. वीस हजारांची फौज मागून येतेय, असंच ते. आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचं काही नाही. कॉल कट करायचा, घरात सांगायचं, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन लावायचा. धूळ खाली बसेपर्यंत थांबलं की समोर हजारच स्वार दिसतात.

समोरचा कशाला घाबरतो?

सगळेच एकाच गोष्टीला घाबरत नाहीत. हा विचार सगळ्यात नीट केला तो मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डोर (२०१४) या गेमनं. त्यात प्रत्येक ऑर्क सरदाराला वेगळं नाव, वेगळा चेहरा आणि वेगळी भीती असते. कुणी आगीला घाबरतो, कुणी जंगली श्वापदांना. ही माहिती आधी काढावी लागते. एखाद्या शिपायाला पकडा, त्याच्याकडून वदवून घ्या, मग त्या सरदारासमोर नेमकी तीच गोष्ट उभी करा. एरवी डरकाळ्या फोडणारा तो गडी शेपूट घालून पळतो.

याच गेममध्ये धमकी पाठवायचीही सोय आहे. एखाद्या ऑर्कच्या तोंडी सरदाराला निरोप द्या की मी येतोय. पण तो निरोप मिळाल्यावर सरदार गर्भगळीत होत नाही, उलट अंगरक्षक वाढवतो आणि आणखी कठीण होतो. त्या बदल्यात त्याला हरवल्यावर मिळणारं बक्षीस चांगलं असतं. म्हणजे धमकी फुकट नाही.

तुम्ही विचाराल, इतकं भारी आहे तर बाकीच्या गेममध्ये का नाही? एक कारण कायद्याचं आहे. शत्रू तुम्हाला लक्षात ठेवतात, त्यांची आपसात चढाओढ चालते, या सगळ्या रचनेला नेमेसिस सिस्टिम म्हणतात. वॉर्नर ब्रदर्सने तिचं अमेरिकन पेटंट घेतलं आणि ते २०२१ मध्ये मंजूर झालं. हा गेम बनवणारा मोनोलिथ स्टुडिओ २०२५ मध्ये बंद झाला. पेटंट मात्र कागदावर तसंच आहे. मला याचा राग येतो, लपवत नाही.

धाक उलटतो, आणि उतरतोही

पोकेमॉनमध्ये इंटिमिडेट नावाची क्षमता २००२ पासून आहे. गायराडॉस नुसता मैदानात उतरला तरी समोरच्याची हल्ल्याची ताकद एका पायरीने घटते, म्हणजे दोन तृतीयांशावर येते. पुढे २०१० च्या गेममध्ये डिफायंट आली. ही क्षमता असलेल्या पोकेमॉनला घाबरवायला गेलात तर त्याची हल्ल्याची ताकद दोन पायऱ्यांनी वाढते. काही माणसंही अशी असतात, दम दिला की पेटतात.

क्रुसेडर किंग्ज ३ (२०२०) मध्ये राजाच्या नावावर ड्रेड नावाचा आकडा असतो, शून्य ते शंभर. कैद्यांना मृत्युदंड दिला की तो वाढतो. घाबरलेले सरदार तुमच्याविरुद्धच्या कटात सामील होत नाहीत, पण जो सरदार स्वभावानेच धाडसी आहे त्याला घाबरवायला जास्त ड्रेड लागतं. आणि नवीन काही केलं नाही तर महिन्या-महिन्याला हा आकडा आपोआप उतरत जातो. पॅकमॅनच्या निळ्या भुतांचाच हा मोठा भाऊ. राजाला मग पेच पडतो: सतत क्रूर राहायचं, की एक दिवस बंडाला तोंड द्यायचं?

देवगिरीला हेच झालं. १२९६ ची धास्ती काही वर्षांनी ओसरली आणि खंडणी थांबली. १३०७ च्या सुमारास अलाउद्दीनला मलिक काफूरच्या हाताखाली खरोखरची मोठी फौज पाठवावी लागली. आवईवर काम भागलं नाही. रामदेवरायाला दिल्लीला नेलं, पण तिथं त्याचा मान राखला आणि किताब देऊन परत पाठवलं. मरेपर्यंत तो मग दिल्लीशी बिघडला नाही. धाकाने जे दहा-अकरा वर्षं टिकलं नाही ते मानाने टिकलं, असा अर्थ मी तरी काढतो. त्याच्यामागून शंकरदेवाने पुन्हा खंडणी नाकारली आणि काफूर पुन्हा आला.

भीतीचा लेव्हल डिझायनर

आज दौलताबादला जे दिसतं त्यातलं बरंचसं बांधकाम यादवांनंतरचं आहे. तरी गेम खेळणाऱ्याने तो किल्ला एकदा गेमचा नकाशा म्हणून चढून बघावा. तटाच्या एकात एक रांगा. दरवाजांवर हत्तींसाठी अणकुचीदार खिळे. वळणं अशी की पुढे काय आहे ते शेवटपर्यंत दिसत नाही. वर जायला खंदकावरचा एकच रस्ता, बाजूला तासून सरळ केलेला कडा. आणि मग अंधारी, म्हणजे डोंगरात कोरलेला काळोखी, वळणावळणाचा मार्ग. शत्रू आत शिरला की त्याला आपला कोण, परका कोण कळेनासं व्हायचं, असं तिथले गाईड सांगतात. वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत सोडायची सोय होती. बुरुजावर मेंढा तोफ आहे, तिचं मागचं टोक मेंढ्याच्या डोक्यासारखं घडवलेलं. तोफ मारा पुढून करते, मग मागे मेंढ्याचं डोकं कशाला? धाकाचा एक भाग दिसण्यात असतो, म्हणून.

बॅटमॅन: आर्कम असायलम (२००९) मध्ये हेच उलट्या बाजूने खेळता येतं. तिथं अंधार तुमचा असतो. खोलीत सहा बंदूकधारी, तुम्ही वर कुठेतरी लपलेले. एकेकाला गुपचूप उचललं की उरलेल्यांची घाबरगुंडी उडते, आणि डिटेक्टिव्ह मोडमध्ये त्यांच्या हृदयाचे ठोके वाढलेले चक्क दिसतात. शांत, मग अस्वस्थ, मग भेदरलेले. भेदरलेला माणूस सावलीवर गोळ्या झाडतो. घोस्ट ऑफ त्सुशिमा (२०२०) मध्येही एक जण अचानक पडला की बाजूचे मागे सरकतात, काही कोसळून रांगत पळतात.

हे बघताना मराठी माणसाला लाल महाल आठवणारच. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराज मोजक्या माणसांनिशी पुण्यात, थेट शाहिस्तेखानाच्या मुक्कामी शिरले. खानाची बोटं गेली, मुलगा मारला गेला. लाखभराच्या म्हटल्या जाणाऱ्या फौजेच्या हिशेबात हे नुकसान काहीच नव्हतं. पण खान पुण्यात थांबला नाही. तो आला आमच्या औरंगाबादेत, आणि तिथून त्याची बदली बंगालला झाली.

मोबाईलवर काय खेळाल?

बीजीएमआयमध्ये हे का नाही, असा प्रश्न येतोच. उत्तर सोपं आहे: तिथं समोर खरी माणसं आहेत, आणि खऱ्या माणसाचं मनोधैर्य सर्व्हरवरच्या आकड्यात नसतं. बॉटनाही पळून जायला शिकवलेलं नाही. शिवाय तिथं किल मोजतात, पळवून लावलेले मोजत नाहीत. तरी चांगले खेळाडू धाक वापरतातच. खिडकीवर सलग गोळीबार करून समोरच्याला डोकं वर काढू न देणं, एकट्याने दोन दिशांनी ग्रेनेड टाकून पूर्ण स्क्वॉड आहे असं भासवणं, हे सगळं नुसरतखानाच्या धुळीसारखंच.

मोडलेलं मनोधैर्य डोळ्यांनी बघायचं असेल तर रोम: टोटल वॉर घ्या. तो डिसेंबर २०१८ पासून अँड्रॉइडवर आहे, आयफोनवरही आहे. विकत घ्यावा लागतो, फोनमध्ये बरीच जागा खातो आणि छोट्या स्क्रीनवर बोटांची थोडी पंचाईत होते. पण पहिल्याच लढाईत एक प्रयोग करा. पायदळ समोर नुसतं उभं ठेवा, घोडदळ लांबून वळसा घालून पाठीमागून सोडा, आणि किती सैनिक मेले त्याऐवजी किती झेंडे पांढरे झाले ते मोजा.

जुन्या धाटणीचं आवडत असेल तर बॉल्डर्स गेटची एनहान्स्ड आवृत्ती मोबाईलवर आहे. त्यात कुणी हाय खाल्ली की त्याच्या पायाखालचं वर्तुळ पिवळं होतं. तुमच्या सोबत्यांचंही होतं, आणि मग ते तुमचं ऐकत नाहीत. स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिकमध्ये फिअर ही शक्ती आहे, तिच्या वरच्या पायऱ्या हॉरर आणि इन्सॅनिटी. शत्रू काही सेकंद जागच्या जागी गारठतो. मात्र ती डार्क साइडची शक्ती आहे, लाइट साइडवाल्याला महाग पडते. आणि भीती आपल्याच माणसांना लागली तर काय, हे बघायचं असेल तर एक्सकॉम २ कलेक्शन. तिथं एक सोबती पडला की दुसरा घाबरून तुमच्या हाताबाहेर जातो, आणि तेव्हा रामदेवरायाच्या बाजूने विचार करावा लागतो.